मधला काळोख कुठे गेला?

रात्रीचा लाँग एक्स्पोजर फोटो (म्हणजे कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेला) ही निव्वळ फसवणूक, असं एका लेखात वाचलं. मला ते अर्धंच पटलं.

मागे जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, ३० सेकंदांची एकेक फ्रेम. अशा चाळीसेक फ्रेम्स घरी येऊन एकावर एक चढवल्या, तर सादड्याचं झाड पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांनी नुसतं लगडलेलं! प्रत्यक्षात एका क्षणी इतके काजवे चमकतच नव्हते. झाड पेटायचं, विझायचं, मध्ये मिट्ट काळोख. तो काळोख फोटोत उरतच नाही.

पण डोळा तरी कुठे सगळं खरं सांगतो? अंधाराला नीट सरावायलाच त्याला २०-३० मिनिटं लागतात, आणि इतक्या मंद उजेडात रंग जवळपास कळत नाहीत. झाडामागचं आकाश कॅमेऱ्याला निळं दिसलं, मला काळं.

गंमत म्हणजे फोटो बघून बायको म्हणाली, "अगदी असंच होतं की!" (तिचा अर्धा वेळ मोबाइलचे टॉर्च लावणाऱ्यांवर ओरडण्यात गेला होता.) मलाही आता ते झाड फोटोतलंच आठवतं. ओल्या मातीचा वास तेवढा माझा स्वतःचा उरलाय.