ट्रॉलीवर कॅलिब्रेशन नको, आधी ट्रॉलीवरून खाली या

भाऊ, तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून दोन ओळींत वाटेला न लावता सविस्तरच लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यावलकडच्या या वाचकांच्या मते 'प्रत्येक उड्डाणाआधी कंपास कॅलिब्रेट करत (म्हणजे ड्रोन फिरवून त्याचं होकायंत्र जुळवत) बसू नका' हा माझा सल्ला बेजबाबदार आहे, कारण ॲप स्वतःच कॅलिब्रेट करायला सांगतं. त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून कॅलिब्रेशन केलं, ट्रॉलीच्या पत्र्यावरूनच ड्रोन उडवला. तीसेक फुटांवर गेल्यावर कंपास एरर आली आणि ड्रोन केळीच्या बागेवर घिरट्या घालायला लागला. बाजूला हायटेन्शनचा टॉवर होता, म्हणजे दोष टॉवरचा, आणि मी तारांबद्दल अवाक्षर काढलं नाही. ड्रोन आता सर्व्हिसला टाकायचा का, असंही विचारलंय. शेवटचा टोला : 'एसीत बसून थिअरी लिहायला काय जातं!'

एसीचं म्हणाल, तर मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात जो एसीत बसतो तो शहाणाच म्हणायचा. बाकीच्या मुद्द्यांवर बोलू.

कॅलिब्रेशन कशासाठी असतं, इथून सुरुवात करावी लागेल. ड्रोनच्या अंगात स्वतःचं थोडं चुंबकत्व असतं. मोटरींतले चुंबक, स्क्रू, बॅटरीच्या वायरी, सगळं त्यात आलं. ड्रोन आपण आडवा-उभा फिरवतो तेव्हा हे अंगचं चुंबकत्व त्याच्यासोबतच फिरतं, आणि पृथ्वीचं क्षेत्र जागच्या जागी राहतं. या फरकावरून ड्रोन स्वतःचा वाटा ओळखतो आणि वजा करतो. ट्रॉली मात्र ड्रोनसोबत फिरत नाही. तिचं लोखंड पृथ्वीच्या क्षेत्रात मिसळलेलं असतं, आणि ते वेगळं काढायचा कुठलाही मार्ग ड्रोनकडे नाही. त्यामुळे ट्रॉलीत केलेलं कॅलिब्रेशन ट्रॉलीचा दोष काढत नाही, उलट चुकीची वजाबाकी ड्रोनमध्ये साठवून ठेवतं. ॲपला फक्त एवढंच कळतं की आकडे जुळत नाहीत. खाली पत्रा आहे की स्लॅब, हे त्याला दिसत नाही, म्हणून ते बिचारं दरवेळी एकच उपाय सुचवतं. डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकांत ५० किलोमीटरपेक्षा लांब गेलात किंवा ३० दिवसांहून जास्त उडवला नसेल तर कॅलिब्रेट करा असं लिहिलेलं असतं, ते जरूर पाळा. जळगावचा माणूस धुळ्याला गेला की करावंच. ड्रोन आपटला, आतला भाग बदलला, तरी करावं. फक्त मोकळ्या जमिनीवर, खिशातला मोबाइल, किल्ल्या आणि हातातलं लोखंडी कडं लांब ठेवून.

आता तुमचा खरा प्रश्न : एरर वर गेल्यावर का आली? खाली लोखंड होतं तर खालीच यायला हवी होती, नाही का? इथेच बहुतेक जण फसतात. ड्रोन चालू केला की कंपासकडून विचारून तो आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे ते ठरवतो. पुढे जायरो, म्हणजे वळणं मोजणारा सेन्सर, तिथून किती वळलं याचा हिशेब ठेवतो. ट्रॉलीवर ही सुरुवातच वाकडी झाली. तीस फूट वर गेल्यावर लोखंडाचा प्रभाव सुटला, कंपास पृथ्वीचं क्षेत्र वाचायला लागला, आणि जायरो मात्र जुनीच दिशा धरून बसला. दोघांची साक्ष जुळेना, तेव्हा एरर आली. घिरट्यांचं कारणही तेच. वाऱ्याने ड्रोन पूर्वेला सरकला, जीपीएसने सांगितलं पश्चिमेला ये, पण ड्रोनची पश्चिमच तिरकी. तो तिरका जातो, पुन्हा दुरुस्ती करतो, पुन्हा तिरका, आणि घेर वाढत जातो. अशा वेळी 'रिटर्न टू होम' दाबू नये, कारण घरी यायलाही त्याला तीच चुकलेली दिशा वापरावी लागते. काही मॉडेल जीपीएसचा आधार सोडून देतात, मग ड्रोन वाऱ्यावर वाहतो. तेव्हाही स्टिक हळूहळू हलवत, नजरेसमोर ठेवून, दिसेल त्या मोकळ्या जागी उतरवणं एवढंच हातात असतं. केळीच्या पानांवर खालच्या कॅमेऱ्याचा भरवसा धरू नका, पानं हलतात आणि तो गोंधळतो.

टॉवरबद्दल. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र ४० ते ५० मायक्रोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) दरम्यान भरतं. एका तारेतून ५०० अँपिअर वाहत असले तरी १५ मीटरवर तिचं क्षेत्र साधारण साडेसहा मायक्रोटेस्ला होतं. त्यात तिन्ही फेजांचं एकमेकांना बरंचसं मारून जातं, आणि उरतं तेही सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होत असल्याने सरासरी शून्याकडे येते. एकाच बाजूला ओढणारं क्षेत्र डीसी लाइनचं, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं असतं. चंद्रपूर-पडघे ही तशी ५०० केव्हीची लाइन आहे, पण गावोगावी दिसणाऱ्या बहुतेक तारा एसीच्याच, म्हणजे उलटसुलट होणाऱ्या विजेच्या. म्हणून तारांखाली उडवा असं मी अजिबात म्हणत नाही. तार ड्रोनच्या कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, आणि टॉवर म्हणजे लोखंडाचा सांगाडाच. दोघांपासून भरपूर लांब राहा. पण तुमच्या एररचं खापर त्याच्यावर फोडू नका.

'थिअरी' या शब्दावर एक जुनी गोष्ट सांगतो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. विजेवरच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने मोजणी बिघडणार म्हटल्यावर तिथल्या लोकांनी उपकरणांत दुरुस्त्या करत बसण्याऐवजी १९०४मध्ये मोजणीच अलिबागला हलवली. इमारतही आपल्या काळ्या पाषाणाची न बांधता पोरबंदरच्या दगडाची बांधली, कारण या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. खान्देशात हे विसरून चालत नाही. धुळे-नंदुरबारकडे तर त्याच जातीच्या खडकाच्या भिंतीच्या भिंती जमिनीतून वर आलेल्या आहेत. वीज पडलेला कातळ होकायंत्राची सुई चक्क फिरवू शकतो. लळिंगसारख्या किल्ल्यावर कातळाला ड्रोन टेकवून उडवण्यापेक्षा तो जरा उंचावर ठेवलेला बरा.

एका बाबतीत तुमचं म्हणणं पटलं. शेतकऱ्याला कोणी मैदान आणून देत नाही. पण जागा लागते ती फूट-दोन फुटांचीच, आणि शिवारात ती मिळते. खळं उत्तम. सुतळीची लाकडी बाज उत्तम, लोखंडी पलंग नको. ठिबकच्या नळ्या प्लास्टिकच्या, त्यांचा काही त्रास नाही, मात्र बोअरची लोखंडी केसिंग आणि डीपी यांच्यापासून दूर व्हा. जुन्या धाब्याच्या घरावरून खुशाल उडवा, लाकूड-मातीचं छत ते, त्यात सळई नाही. नव्या स्लॅबमध्ये ती गच्च भरलेली असते. दुसरी जागाच नसेल तर प्लास्टिकचं उंच स्टूल घ्या. छोट्या लोखंडी वस्तूपासून अंतर दुप्पट केलं की त्रास आठव्या हिश्शावर येतो. स्लॅब पसरट असल्याने एवढा फायदा मिळत नाही, पण काही तरी मिळतो.

आणि उडवण्याआधी एक तपासणी, जिला मी कॅलिब्रेशनपेक्षा जास्त मानतो. यावल-रावेरकडे सातपुडा उत्तरेला. ड्रोनचं नाक सातपुड्याकडे करा आणि ॲपच्या नकाशावरचा (नकाशाची उत्तर वर ठेवून) बाण बघा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे बाण सरळ वरच दिसला पाहिजे. तिरका दिसला तर पंखे सुरू करू नका. ड्रोन बंद करा, दहा-पंधरा पावलं सरका, पुन्हा चालू करून बघा.

सर्व्हिसला इतक्यात टाकू नका. तुमच्या ड्रोनमध्ये अजून ट्रॉलीवरचंच कॅलिब्रेशन बसलेलं आहे, ते आधी खळ्यावर नव्याने करा. मग दोन वेगवेगळ्या मोकळ्या जागी बाण तपासा. दोन्हीकडे सारखाच तिरका आला तर कंपासच बिघडलाय असं समजून दुकान गाठा. एकाच जागी तिरका आला, तर तिथल्या जमिनीत काय पुरलंय ते गड्याला विचारा.