दिवाळी अंकाचं गुळगुळीत पान

घरी सर्किट बोर्ड करणारे लोक एक तर इस्त्रीला शिव्या घालतात, नाही तर फेरिक क्लोराइडला. पद्धत अशी: सर्किटचा नकाशा लेझर प्रिंटरने कागदावर छापायचा, इस्त्रीने तो तांब्याचा थर असलेल्या बोर्डावर उतरवायचा, कागद पाण्यात सोडवायचा, आणि उघडं राहिलेलं तांबं फेरिक क्लोराइडला खाऊ द्यायचं. माझ्या मते दोघेही निर्दोष. खरा बदमाश कागद.

टोनर म्हणजे प्लॅस्टिकची काळी पूड. लेझर प्रिंटर ती 180-200 अंशांच्या आसपास वितळवून कागदावर बसवतो. आपण इस्त्रीने पुन्हा वितळवून तांब्यावर बसवायची. म्हणजे टोनर हा कागदाचा भाडेकरू. प्रिंटरमधून बाहेर पडेपर्यंत त्याने जागा सोडायची नाही, आणि पाण्यात पडताच हक्क न सांगता सोडायची. इंदूरच्या जुन्या वाड्यांत असा भाडेकरू कोणी पाहिलाय?

झेरॉक्सचा साधा कागद टोनरला तंतूंत असा गुंतवतो, की चोळताना ट्रॅकही, म्हणजे तारांच्या जागी असलेल्या टोनरच्या रेघाही, निघून येतात. स्टिकरच्या पाठीचा मेणचट कागद उलट फारच उदार: टोनर प्रिंटरमध्येच सांडून मोकळा. इंकजेटच्या फोटोपेपरपासून तर चार हात लांब राहावं. त्यातल्या काहींवर प्लॅस्टिकचा थर असतो. तो फ्यूजरला, म्हणजे प्रिंटरच्या टोनर वितळवणाऱ्या गरम भागाला, चिकटला की बोर्ड राहतो बाजूला आणि प्रिंटर दुरुस्तीला जातो.

उरतो आर्ट पेपर. त्यावरचा मातीचा लेप पाण्यात सुटतो, हेच त्याचं पुण्य. मराठी घरात हा कागद म्हणजे दिवाळी अंकातली जाहिरातींची पानं. कथांची पानं खरखरीत, म्हणून साहित्य सुरक्षित. तरी काकू बजावतातच, "अरे, निदान राशिभविष्य तरी सोड!" आधीची छपाई आड येत नाही, ती शाई इस्त्रीने वितळत नाही. पैठणीच्या जाहिरातीतल्या बाईच्या कपाळावरून 555 टायमर या चिपचा ट्रॅक गेला तरी बोर्डाला काही फरक पडत नाही. अंक हाती लागला नाही, तर इंदूरच्या खजुरी बाजारात 90 ते 130 जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) आर्ट पेपर मागावा. त्याहून पातळ कागद फ्यूजरच्या रोलरला गुंडाळतो, जाड कागद वळणावर अडून बसतो.

आता भरवणं. पिनांकडची फाटकी कड कटर आणि स्टीलच्या पट्टीने कापून पान बरोबर 210 बाय 297 मिलिमीटर करावं. श्रावणात पान दमट होऊन लाटा मारतं. कोरडं आणि सपाट झाल्याशिवाय आत घालू नये. ट्रे विसरा, एकेक पान मॅन्युअल फीडमधून द्यावं आणि मागचं झाकण उघडत असेल तर उघडावं, म्हणजे पान सरळ बाहेर येतं. गुळगुळीत पानावर कागद आत ओढणारा रोलर नुसता फिरत राहिला, तर प्रिंटर बंद करून तो ओलसर फडक्याने पुसावा. फार पातळ पान साध्या कागदावर चिकटवावं, पण फक्त पुढची कड, आणि तीही कॅप्टॉन टेपने, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या टेपने. सेलोटेप आत वितळते. मागची कडही चिकटवली, की दोन कागद सारखे सरकत नाहीत, मध्ये फुगा येतो आणि नेमकी आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पायांवर चुणी पडते. झेरॉक्सवाला हे सोंग बघूनच म्हणतो, "भिया, ये अपनी मशीन में नी जाएगा." त्याचं बरोबर आहे.

प्रिंटरच्या सेटिंगमध्ये टोनर सेव्ह बंद, डेन्सिटी पूर्ण, "फिट टू पेज" बंद. 40 पायांच्या आयसीत एका ओळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या पायात 48.26 मिलिमीटर असतात. माप जुळतं का, ते आयसी छापील पानावर ठेवूनच बघावं. बोर्डाच्या खालच्या बाजूचा नकाशा सरळ छापायचा, वरच्या बाजूचा आरशातल्यासारखा उलटा. हे उलटलं तर आयसीला शीर्षासन करावं लागतं.

इस्त्रीचं फारसं कौतुक नको. तांबं घासून, अॅसिटोनने पुसून, बोट न लावता, पान छापील बाजूने त्यावर ठेवून तीन-चार मिनिटं दाबावं, वाफ बंद. बोर्ड गार झाला की भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात पाव तास ठेवावा. कागद ओढायचा नाही, अंगठ्याने चोळून घालवायचा. दोन पॅडच्या (पाय डाखायच्या ठिपक्यांच्या) फटीत पांढरा पापुद्रा राहतो, तो जुन्या टूथब्रशने काढावा. नाही तर तिथे क्लोराइड पोचत नाही, तांबं उरतं आणि शॉर्ट होतो.

मग बादलीत कागदाचा लगदा उरतो. 2017 पासून सलग काही वर्षं स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या इंदुरात याला ओला म्हणावं की सुका? मी वाळवून सुक्यात टाकतो, आणि कचरागाडी पुढच्या गल्लीत वळेपर्यंत दारात थांबत नाही.