‘फुकटच्या सॉफ्टवेअरनं बॅकग्राउंड नीट निघत नाही’ म्हणे!

फोटोचं बारीकसारीक काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक मजकूर सारखा फिरत असतो. म्हणणं असं: गिंपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फोटोतल्या माणसामागचं बॅकग्राउंड काढताना केस कापले जातात, कडेला पांढरी रेघ राहते, पीएनजी (पारदर्शक भाग ठेवू शकणारी फाइल) केलं तरी मागचं पांढरं जात नाही; तेव्हा फोटोशॉपच घ्या.

आधी केस. ते कापले जातात फझी सिलेक्ट वापरल्यामुळे. हे टूल फक्त लागून असलेले, साधारण एकाच रंगाचे पिक्सेल उचलतं. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा सदरा असेल, तर ते सदऱ्यात शिरणारच. फोटोशॉपमधलं तसंच टूल, मॅजिक वाँड, तेही शिरतं. केसांसाठी गिंपमध्ये फोरग्राउंड सिलेक्ट आहे. माणसाभोवती ढोबळ रेघ मारायची (उडालेल्या बटा रेघेच्या आत हव्यात), एंटर दाबायचं आणि चेहऱ्यावरून, कपड्यांवरून ब्रश फिरवायचा. केसांची कड तशीच सोडायची. तिथल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये केस किती आणि भिंत किती, याचा हिशेब गिंप करतं. मोठ्या फोटोवर वेळ खातं, हे खरं.

पांढरी रेघ कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये येते, कारण कडेच्या पिक्सेलमध्ये मागचा रंग मिसळलेलाच असतो. सिलेक्शन एखाद्या पिक्सेलनं आत घ्या, म्हणजे श्रिंक करा, आणि डिलीट दाबण्याऐवजी लेयर मास्क लावा. मास्कवर काळा ब्रश फिरवला की भाग लपतो, पांढरा फिरवला की परत येतो. कान उडाला तरी मूळ फोटो शाबूत.

वेगाच्या बाबतीत मात्र फोटोशॉप पुढे आहे. त्यातलं सिलेक्ट सब्जेक्ट एका क्लिकमध्ये माणूस उचलतं, गिंपमध्ये तसं काही आयतं मिळत नाही. रोज ढीगभर फोटो करणाऱ्यानं पैसे मोजावेत, माझी ना नाही.

राहिलं पीएनजी. जेपीजी फाइल नुसती पीएनजी म्हणून सेव्ह केली तर मागचं पांढरं जाणार कसं? पीएनजी पारदर्शकता साठवतं, तयार करत नाही. (गूगलवरून उतरवलेल्या चित्रामागचे, पारदर्शकतेची खूण वाटणारे राखाडी चौकोनही पुष्कळदा चित्राचाच भाग असतात!) आणि नीट केलेली पीएनजीसुद्धा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की जेपीजी होते, पारदर्शकता गळते. फ्लेक्सवाल्याला ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मास्कसकट एक्ससीएफ (गिंपची स्वतःची) फाइल स्वतःकडे ठेवा.