'बाई, आधी अभ्यास करा' : एका प्रतिक्रियेला उत्तर

उपास-प्रार्थनेवरच्या माझ्या लेखाखाली रविवारी एक प्रतिक्रिया आली. नाव नाही, 'एक विश्वासणारा' एवढीच सही. लेखात मी म्हटलं होतं की घरातलं व्यसन, वर्षानुवर्षांचं वैर, मनातला अंधार असे काही झगडे नुसत्या प्रार्थनेला दाद देत नाहीत, तिला उपासाची जोड लागते. आधाराला बायबलातलं मार्क 9:29 दिलं होतं : असलं भूत प्रार्थनेने आणि उपासानेच निघतं, असं तिथे प्रभू येशू शिष्यांना सांगतो. त्यावर या वाचकांचं म्हणणं असं : त्या वचनातला 'उपास' हा शब्द सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. हे सगळं एकादशीचं ख्रिस्तीकरण आहे. असे लेख वाचून माणसं उपचार सोडतात आणि उपास करत बसतात. आणि शेवटी, 'बाई, आधी अभ्यास करा, मग लिहा.'

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मुलगा म्हणाला, आई, उत्तर देत बसू नकोस. दोन दिवस दिलं नाही. आज बसले.

पहिला मुद्दा मान्य. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांच्या मूळ मजकुरात तिथे फक्त प्रार्थना आहे. त्याच प्रसंगाचं मत्तय 17:21 तर त्या दोन्हींत अख्खं वचनच नाही. मी आईच्या जुन्या शास्त्रातून, म्हणजे बायबलातून, वचन उतरवून घेतलं आणि पुढे तपासलं नाही. चूक माझी. (तिसऱ्या शतकातल्या एका फाटक्या पपायरसावर तो शब्द असावा असंही अभ्यासक मानतात, पण राहू दे. मान्य म्हटलं की मान्य.) पण एवढ्याने उपास शास्त्रातून गेला का? वराला (म्हणजे प्रभूला) काढून नेतील तेव्हा माझे शिष्य उपास करतील, हे मार्कच्याच दुसऱ्या अध्यायात आहे. मत्तय 6 मध्ये प्रभू 'उपास केलात तर' म्हणत नाही, 'उपास करता तेव्हा' म्हणतो. प्रेषितांच्या काळात अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल यांना सुवार्तेसाठी पाठवलं ते उपास करून. हे तुम्हाला माहीत असणारच. तुमचा अभ्यास आहे.

एकादशीचं म्हणाल तर 'एकादशी दुप्पट खाशी' आमच्याही मंडळीत चालतं. शुक्रवारी चारला सभा सुटली की भज्यांची गाडी कुठे लागते ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण बुधवारी आणि शुक्रवारी उपास करा, हे 'दिदाखे' या अगदी सुरुवातीच्या मंडळीच्या शिकवणीत लिहिलेलं आहे. तिथे साबुदाण्याची खिचडी नव्हती. एवढं पुरे.

आता 'बाई'.

सत्तावीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलं बाई म्हणायची, त्यांचे आईबाप बाई म्हणायचे, निरोपाच्या दिवशी आमचा शिपाईसुद्धा 'बाई, येत जा' म्हणून रडला. त्या हाकेची मला सवय आहे. तुमच्या वाक्यातली बाई ती नव्हे. हाच लेख आमच्या पाळकसाहेबांनी लिहिला असता, तर 'साहेब, आधी अभ्यास करा' असं लिहिलं असतं तुम्ही? खरं सांगा. 'आदरणीय पाळकसाहेब, एक नम्र शंका' असंच लिहिलं असतं. आमच्या मंडळ्यांत उपास बायकांनी करायचा, रात्रभराच्या प्रार्थनेला बायकांनी बसायचं, सतरंज्याही त्यांनीच झटकायच्या, आणि त्या उपासाचा अर्थ मात्र कुणी दुसऱ्याने सांगायचा, ही रीत मी लहानपणापासून बघते आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून शास्त्र मराठीत आणलं, त्याच केडगावात 1905 साली मुली प्रार्थनेला बसल्या त्याची गोष्ट जगभर गेली. त्यांनाही कुणीतरी म्हटलंच असेल, बाई, आधी अभ्यास करा.

माझा अभ्यास कुठे झाला ते सांगते.

राहुरीजवळ आमचं घर. वडील साखर कारखान्यात होते आणि प्यायचे. म्हणजे पगाराच्या दिवशी प्यायचे असं नव्हे, प्यायचे. 1985 च्या पावसाळ्यात आईने शुक्रवार धरला. सकाळी एक कोरा चहा, मग सूर्य मावळेपर्यंत काही नाही. पण चूल बंद नसे. आम्हा चौघांच्या भाकऱ्या ती नेहमीसारख्या थापायची. परातीतलं पीठ गोळा करायची, तव्यावर भाकरी टाकून पाण्याचा हात फिरवायची, फुगली की निखाऱ्याला उभी करायची. तो वास घरभर. मग हात धुऊन पदर डोक्यावर घेऊन ज्वारीच्या कणगीशी गुडघे टेकायची. कोपरापाशी राहिलेलं पीठ तसंच वाळलेलं असायचं.

नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत दारू एक दिवस सुटली नाही, हे मीच सांगते, तुम्ही विचारायच्या आधी.

मी एकदा चिडून म्हटलं, उपाशी राहून तुला मिळतं काय? ती म्हणाली, 'पोट रिकामं असलं की राग लवकर येतो. आला की दिसतो. दिसला म्हणजे देवापुढे ठेवता येतो. एरवी तो भाकरीखाली झाकलेला राहतो.' सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या धर्मसुधारकाने उपासाची तीन कारणं दिली आहेत : देहाला आवर, प्रार्थनेची तयारी, देवापुढे नम्र होणं. आई चौथी शिकलेली, कॅल्व्हिनचं नाव तिने ऐकलेलं नव्हतं. मी पुढे वाचलं तेव्हा वाटलं, हे तर कणगीपाशी ऐकलंय. शुक्रवारी वडील झिंगून आले तरी ती त्यांना शिव्याशाप देत नसे. इतर दिवशी देत असे, चांगले खणखणीत.

पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता पाळकसाहेबांनी दोन वर्षं आधी आणून दिला होता. तो कागद भिंतीवरच्या घड्याळामागे खोचलेला. 1994 मध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी वडिलांनी तो स्वतःच्या हाताने काढला आणि म्हणाले, मला घेऊन चल. तुम्ही म्हणाल, म्हणजे केंद्राने सोडवली. सोडवली असेल. केंद्र दोन वर्षं तिथेच होतं, एसटीही रोज जात होती. त्यांचे पाय त्या शुक्रवारी का निघाले, ते तुमच्या कोणत्या हस्तलिखितात आहे?

उपचारांबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात फार जाण्याची गरज मला वाटत नाही. गोळ्या टाका असं मी कुठे लिहिलं? लेख उपासावर होता, दवाखान्यावर नव्हता. ज्याला साखर आहे, ज्याच्या गोळ्या चालू आहेत, त्याने डॉक्टरांना विचारावं, हे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही. वडीलसुद्धा तिथे गेल्यावर दिलेल्या गोळ्या घेतच होते. आईने उपास धरला होता, त्यांनी नव्हे. हे लेखात आलं नव्हतं खरं. जागा नव्हती.

मार्कच्या वचनातल्या 'उपास' शब्दाला आज कंस घातला आहे, खाली तारीखही टाकली आहे. पुढच्या वेळी नाव लिहा. नाव लिहून भांडणाऱ्याला मी घरी बोलावून चहा देते. शुक्रवारी आलात तर कोरा मिळेल.