'जुना पीसी रॉकेट करा' म्हणे!

"जुन्या पीसीवर जीटीए फाइव्ह एकदम मख्खन! फक्त सहा स्टेप, एक रुपया खर्च नाही. डिलीट व्हायच्या आत सेव्ह करा." हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. आमच्याकडे तो काकांनी टाकला, ज्यांनी सॉलिटेअरपलीकडे काही खेळलेलं नाही. तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण दहावीतल्या भाच्याने सहाही स्टेप इमानेइतबारे केल्या आणि मग फोन आला, "मामा, पीसी आधीपेक्षा स्लो झालाय." (दहावीत जीटीए खेळावं का, हा प्रश्न ताईचा. मी त्यात पडत नाही.)

मेसेजमधला क्रम सोडून सगळ्यात घातक स्टेपपासून सुरुवात करतो. चौथी स्टेप: "विंडोज डिफेंडर बंद करा, खालच्या लिंकवरून रॅम बूस्टरची झिप घ्या, पासवर्ड १२३४, अ‍ॅडमिन म्हणून रन करा."

झिपला पासवर्ड कशाला, हा प्रश्न कोणाला पडला नाही? पासवर्ड असला की अँटिव्हायरसला आतलं तपासता येत नाही, म्हणून. एवढं करून वर विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, म्हणजे डिफेंडरही बंद करायला सांगितलाय. घराला कुलूप लावू नका आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवा, असा हा सल्ला. असल्या फाइलींमधून येणारी चोरटी सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या नोंदी) उचलतात. चालू लॉगिनची कुकी हाती लागली की बऱ्याच ठिकाणी ओटीपीसुद्धा विचारला जात नाही. त्याच पीसीवर ताई नेटबँकिंग करते. त्या झिपमध्ये नेमकं काय होतं ते मी शोधत बसलो नाही. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले, सगळीकडून लॉगआउट केलं आणि विंडोज नव्याने टाकलं.

समजा, फाइल अगदी सोवळी होती. तरी रॅम बूस्टर, म्हणजे रॅम (चालू प्रोग्राम ठेवायची मेमरी) मोकळी करून देतो म्हणणारा प्रोग्राम, हा प्रकारच थोतांड आहे, आणि हे आजचं नाही. विंडोजच्या आत काय चाललंय ते दाखवणारी सिसइंटर्नल्सची टूल्स लिहिणारा मार्क रुसिनोविच, जो पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये अ‍ॅझ्युर या क्लाउड सेवेचा तांत्रिक प्रमुख (सीटीओ) झाला, त्याने विंडोज एक्सपीच्या जमान्यातच या प्रोग्रामांची लेख लिहून चिरफाड केली होती. बूस्टर विंडोजकडे एकदम भरमसाट मेमरी मागतो. ती द्यायला विंडोज बाकीच्या चालू प्रोग्रामांची पानं (मेमरीचे छोटे तुकडे) रॅममधून काढून डिस्कवर ढकलतं. मग बूस्टर घेतलेली मेमरी सोडून देतो आणि स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत दाखवतो, "३ जीबी मोकळी!" मोकळी झाली खरी, पण काढलेल्या पानांत तुमचा गेमही असतो. ६० एफपीएससाठी, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं (फ्रेम) दाखवायला, एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. फिरत्या हार्ड डिस्कवरून एक विखुरलेलं पान परत आणायला १० मिलिसेकंदांच्या आसपास जातात. दोन पानं आणावी लागली की फ्रेम चुकलीच. रिकामी पडलेली रॅम तशीही काही कामाची नसते. विंडोज तिच्यात डिस्कवरचा डेटा साठवून ठेवतं आणि गेमने मागितली की लगेच सोडतं.

दुसरी स्टेप ज्याने शोधून काढली त्याला साष्टांग नमस्कार. "विंडोज मुळात एकच कोर वापरतं, म्हणून एमएसकॉन्फिगमध्ये बूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे नंबर ऑफ प्रोसेसर्सवर टिक करून २ निवडा. स्पीड डबल. मॅक्सिमम मेमरीत ४०९६ टाका." अहो, एमएसकॉन्फिग हे विंडोज सुरू कसं व्हावं ते ठरवायचं टूल; तिथे टिक नसते तेव्हाच विंडोज सगळे कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) आणि सगळी रॅम वापरतं. टिक केली की मर्यादा पडते. कमी ताकदीच्या मशीनवर आपलं सॉफ्टवेअर कसं चालतं हे तपासणाऱ्यांसाठी ती सोय आहे. भाच्याचा पीसी म्हणजे कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, इंटेलचा थर्ड जनरेशन आय-फाइव्ह प्रोसेसर, चार कोर, ८ जीबी रॅम. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयूच्या आलेखाखाली लॉजिकल प्रोसेसर्स २, आणि मेमरीच्या पानावर हार्डवेअर रिझर्व्ह्डसमोर ४ जीबी. पोराने स्वतःच्या हाताने अर्धं मशीन बंद करून ठेवलं होतं. कोणी हे केलं असेल तर दोन्ही टिका काढून रिस्टार्ट करा, पूर्ववत होईल.

पेनड्राइव्हची रॅम करणं ही तिसरी स्टेप. ती सोय विंडोज व्हिस्टात आली, नाव रेडीबूस्ट. पण ती रॅम नव्हे, हार्ड डिस्कसाठीची कॅश आहे, म्हणजे डिस्कवरच्या डेटाची हाताशी ठेवलेली प्रत. यूएसबी २ चा पेनड्राइव्ह सेकंदाला ३०-३५ एमबी वाचतो, डीडीआर३ रॅमची एक १६०० ची स्टिक १२.८ जीबी. पुढे बोलायलाच नको.

पहिली स्टेप टेम्प (तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर) आणि प्रीफेच ही विंडोजची फोल्डर रिकामी करण्याची. टेम्प खुशाल उडवा, सी ड्राइव्हवर जागा होईल, एफपीएस वाढणार नाहीत. प्रीफेचला हात लावू नका. प्रोग्राम लवकर उघडावा म्हणून विंडोज तिथे नोंदी ठेवतं आणि जुन्या नोंदी स्वतःच काढतं.

पाचवी, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवणं, लॅपटॉपला थोडीफार लागू पडते, तीही चार्जर लावलेला असेल तर. आणि सहावी, मान्य करायला जिवावर येतंय, पण बरोबर आहे: "गेममधलं रिझोल्यूशन आणि शॅडो कमी करा." १०८० वरून ७२० वर आलात की दर फ्रेमला २०,७३,६०० ऐवजी ९,२१,६०० पिक्सेल रंगवायचे. ग्राफिक्स चिपचं काम निम्म्याहून कमी होतं. एवढी एक खरी गोष्ट, आणि ती मेसेजमध्ये शेवटी, एका ओळीत.

राहिला "एक रुपया खर्च नाही" हा दावा. फुकटात होणारं खरं काम म्हणजे कॅबिनेट उघडून पंख्यावरची आणि हीटसिंकमधली (चिपची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली) धूळ काढणं. चिप १०० अंशांच्या आसपास गेली की स्वतःच वेग कमी करते, मग सेटिंग काहीही असो. त्यापुढे मात्र खिशात हात घालावा लागतो. जीटीए फाइव्ह २०१५ मध्ये पीसीवर आला तेव्हा त्याची किमान अट ४ जीबी रॅम आणि १ जीबीचं एनव्हिडिया ९८०० जीटी ग्राफिक्स कार्ड अशी होती. भाच्याच्या पीसीत कार्डच नाही, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर सगळा कारभार, आणि ते ग्राफिक्स आपली मेमरी रॅममधूनच खातं. रॅमही एकाच स्लॉटमध्ये. दुसऱ्या स्लॉटमध्ये तसलीच स्टिक टाकली की ड्युअल चॅनल होऊन, म्हणजे दोन्ही स्टिकमधून एकदम डेटा येऊन, सेकंदाला १२.८ चे २५.६ जीबी होतात. कार्डच घ्यायचं तर अशा ऑफिसच्या पीसीला एनव्हिडियाचं जीटी १०३० बरं. ३० वॅटचं आहे, पॉवर सप्लाय बदलावा लागत नाही. फक्त खोक्यावर जीडीडीआर५ (कार्डवरच्या मेमरीचा प्रकार) लिहिलंय ना ते बघा. त्याच नावाने डीडीआर४ वालंही विकतात, आणि त्याची बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून डेटा येण्याजाण्याचा वेग, सेकंदाला ४८ ऐवजी १६.८ जीबी आहे.