आईने खोटे आकडे लिहिले

सकाळपासून डोकं फिरलंय. रागावू कोणावर तेच कळत नाहीये, म्हणून इथे लिहितेय. लांबलचक होणार आहे.

आईचा एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला. ८.८. मी दोनदा वाचला, कारण तिच्या फोनमधल्या डायबेटिसच्या अ‍ॅपमध्ये गेले तीन महिने सगळं हिरवंगार आहे. १२६, १३१, १२८. शुगर खरोखर १२८ च्या आसपास राहिली असती तर हा आकडा ६ च्या थोडासाच वर आला असता. ८.८ म्हणजे सरासरी दोनशेच्या पुढे. मला वाटलं लॅबने घोळ घातला, मी फोन लावायला निघालेही होते. तेवढ्यात ग्लुकोमीटर हाताशी दिसला आणि त्याची मेमरी एकेक करत मागे नेली. २३१. २६२. १९८. आणि एका पहाटे ५८.

अ‍ॅपमध्ये त्या पहाटेच्या पुढे १२४ लिहिलेलं आहे.

"आई, हे काय गं?" बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "खरा आकडा टाकला की सगळं लाल होतं. रोज उठून नापास झाल्यासारखं वाटतं. आणि तुलाही मेसेज जातो ना, मग तू कामावर काळजी करत बसतेस."

ते अ‍ॅप मीच तिच्या फोनमध्ये टाकून दिलं होतं. माझ्या नंबरवर मेसेज येण्याची सोयही मीच केली होती. मोठ्या हौसेने.

बावीस वर्षं डायबेटिस सांभाळतेय ही बाई. तिला एक यंत्र पडका चेहरा दाखवून सांगतं, 'आज तुमचे ध्येय चुकले.' कोणी ठरवलं हे? घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी आपण असं बोलतो का? तुमच्यातलं कोणीच बोलणार नाही, मला खात्री आहे. मग फोनने बोललेलं आपण कसं चालवून घेतो?

दुपारी मी मुद्दाम त्यात ५८ टाकून बघितलं. लाल. मग २६२ टाकलं. तेही लाल. तोच चेहरा, तेच वाक्य, 'आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.' अरे, ५८ म्हणजे आत्ता, या क्षणी काहीतरी करायचं असतं! ७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम साखर पोटात घालायची, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. २६२ चं नुकसान वेगळं, ते सावकाश होतं. या दोन्हींना एकच रंग देणाऱ्याने कधी घाम फुटलेलं, हात थरथरणारं माणूस पाहिलंय का?

आईने त्या पहाटे जे करायचं ते बरोबर केलं होतं. अंधारात, एकटीने, कोणालाही न उठवता. हे तिला अ‍ॅपने शिकवलेलं नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका नर्सने शेजारी बसून दोनदा समजावलं होतं, ते तिच्या लक्षात राहिलं.

आणि खरी भीती मला पुढची वाटते. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तो हिरवा आलेख पाहिला, 'छान' म्हणाले आणि डोस तसाच ठेवला. आता हा ८.८ दाखवला असता तर बहुधा रात्रीचं इन्सुलिन वाढवलं असतं. पहाटे ५८ झालेलं असताना! मीटर उघडलं नसतं तर मीच तिला हाताला धरून तिथे नेलं असतं.

कोणीतरी म्हणेलच, मीटरच अ‍ॅपला जोडून टाका, म्हणजे खोटं लिहिताच येणार नाही. मग ती बोट टोचणंच बंद करेल. मी तिला ओळखते. हो, गोळ्यांची आठवण वेळेवर येते, ते बरं आहे. दंडावर सेन्सर लावणाऱ्यांना रात्री शुगर उतरली की गजर होतो आणि त्याने जीव वाचतात, हेही मान्य. पण माझं भांडण यंत्राशी नाहीच. यंत्र लावून दिलं की आपलं काम संपलं असं समजणाऱ्यांशी आहे, आणि त्यात मी पहिली.

अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये केट लोरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ आजारांच्या लोकांसाठी सहा आठवड्यांचा एक वर्ग तयार केला. आठवड्यातून एकदा, अडीच तास. शिकवणारे बहुतेक स्वतःच असा आजार घेऊन जगणारे. प्रत्येकाने पुढच्या आठवड्यात काय करणार ते स्वतः ठरवायचं आणि ते जमेल याची खात्री ० ते १० मध्ये किती, ते सांगायचं. ७ च्या खाली असेल तर माणसाला बोल लावायचा नाही, बेत सोपा करायचा. पुढे हाच वर्ग इंटरनेटवरही आला, तिथेही माणसं एकमेकांना लिहीत राहिली. म्हणजे फोनवरून हे होऊ शकतं! मनात आणलं तर होतं. आईला आजवर एकदा तरी कोणी विचारलंय का, की तुम्हाला यातलं काय जमेल असं वाटतं? अ‍ॅपने नाही विचारलं. मीही नाही.

मघाशी जेवायच्या आधी तिने माझ्यासमोर बोट टोचलं. २१४. माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, जुनी वही पुढे केली. तिने २१४ लिहिलं आणि शेजारी बारीक अक्षरात, 'गुडघा दुखतो, तीन दिवस चालणं नाही.' तीन महिन्यांच्या त्या हिरव्या आलेखात हे गुडघ्याचं कुठेच नव्हतं. मला माहीतही नव्हतं.

माझ्याकडे येणारे मेसेज बंद केलेत. परवा डॉक्टरांकडे वही आणि मीटर दोन्ही घेऊन जातोय. तोवर पहाटेची शुगर बघायची आहे. तीनचा गजर माझ्या फोनमध्ये लावलाय, तिच्या नाही.