हवा पाहिजे की पडवी?

मागच्या नोव्हेंबरात हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यापाशी टेंटमध्ये झोपलो होतो आणि पहाटे साडेचारला तोंडावर टपकन पाणी पडलं. म्हटलं पाऊस. नोव्हेंबरात? चेन उघडून डोकं बाहेर काढलं तर आभाळ एकदम स्वच्छ, डोंबिवलीकराला एवढ्या चांदण्या बघून जरा घाबरायलाच होतं, आणि ढगाचा पत्ता नाही. पाऊस फक्त आमच्या टेंटमध्ये पडत होता.

टेंट मेव्हण्याचा, एकाच कापडाचा. ना जाळी, ना झरोका. आत मी आणि बायको, म्हणजे दोघं मिळून साधारण दीडशे किलो, रात्रभर श्वास सोडतोय. वरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की झाकणाला आतून जे होतं तेच झालं होतं, फक्त इथे वरण आम्ही होतो. इंग्रजांच्या काळात म्हणे कर्नल साइक्स नावाच्या अधिकाऱ्याला या कड्यावरून गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं, इंद्रवज्र म्हणतात त्याला. आम्हाला छताला ओळीने लटकलेले थेंब दिसले.

त्यात दोन्ही सॅक पायाशी, त्यामुळे पाय दुमडून झोपलेलो, सॅक ओल्या, सॅकमधला चिवडा मऊ. बुटांना आत जागाच नव्हती म्हणून ते बाहेर ठेवले, तर सकाळी एकच बूट जागेवर. दुसरा गडावरच्या कुत्र्याने लांब नेऊन ठेवला होता. खाल्ला नव्हता, वास घेऊन त्याने विचार बदलला असावा. बायको एवढंच म्हणाली, "अरे, पुढच्या वेळी स्वतःचा टेंट घे, हवा येणारा, आणि सामानाला जागा असलेला." दोन अटी. मला वाटलं रविवारी दुपारी काम होऊन जाईल.

सहा महिने गेले!

पहिली फसवणूक म्हणजे 'टू पर्सन' हा शब्द. हे लोकलच्या चौथ्या सीटसारखं आहे, माणूस बसतो पण एकाच बाजूने. मी हॉलमध्ये टेप घेऊन बसलो. टेंटची रुंदी १३० सेंटीमीटर, आमची एक मॅट ६० ची, दोन म्हणजे १२०, उरले १० सेंटीमीटर. त्यात दोन सॅक, भांडी, हेडटॉर्च, पाण्याच्या बाटल्या आणि संसार. म्हटलं मग थ्री पर्सन घेऊ, तर वजन वाढतं, आणि ते वजन टोलारखिंडीतून गडावर कोण नेणार हे घरात सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

मग कापडावर लिहिलेलं असतं ३००० एमएम. मी आपला खूश, की आपल्याकडे वर्षभरात पडतो त्याहून जास्तच पाऊस झेलेल की हा. नंतर शंका आली की महाबळेश्वरला तर पाच हजाराच्या वर पडतो, मग तिथल्या लोकांनी काय करायचं? मेव्हण्याला विचारलं. तो फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जिजू, कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते गळत नाही, असा त्याचा अर्थ. पावसाचा हिशोब नाही तो." ही गोष्ट त्याने नंतर एका लग्नात पंगतीत सगळ्यांना सांगितली.

पण त्याला कळतं हे खरंय. त्याचं म्हणणं, टेंट दोन थरांचा हवा, आत जाळी आणि वर फ्लाय, म्हणजे पाऊस अडवणारं बाहेरचं कापड, आणि दोघांमध्ये हात जाईल एवढी फट. म्हणजे वाफ जाळीतून बाहेर पडते, फ्लायला लागून पाणी झालं तरी ते फ्लायच्या आतून घरंगळत खाली जातं, तुमच्या नाकावर नाही. शिवाय एक झरोका वर पाहिजे आणि खालून हवा यायला वाट पाहिजे, नुसता वरचा उघडून उपयोग नाही. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट लावून खिडक्या गच्च बंद केल्या तर काय होतं तसं. हे ऐकून मी पूर्ण जाळीचा एक टेंट पसंत केला तर तोच म्हणाला, "कोकणकड्यावर नको हा, खालून वारा वर येतो तिथे, रात्रभर कुडकुडाल." म्हणजे हवा पाहिजे, पण एवढी नको. अर्धी जाळी अर्धं कापड बघा म्हणाला.

आणि सामान? त्यासाठी दारापुढे फ्लाय थोडा पुढे ओढून झाकलेली जागा असते. त्याला एक अवघड इंग्रजी नाव आहे, ते मी दुकानात दोनदा चुकीचं म्हटलं. आईने फोटो बघितला आणि म्हणाली, "अरे, पडवी आहे ही." संपला विषय. तेव्हापासून घरात तिला पडवीच म्हणतात. बूट, सॅक, भांडी पडवीत, माणसं माजघरात. पण पडवी मोठी तर वजन जास्त, आणि पडवी सामानाने भरली की खालून येणारी हवा बंद. म्हणजे या दोन अटी एकमेकींच्या सख्ख्या जावा होत्या.

शेवटी दोन दारं, दोन पडव्या, अर्धी जाळी, वजन २ किलो ६०० असा एक सापडला. मागवला. हातात घेतला तर काहीतरी जड वाटला. योगायोगाने रद्दीवाला दारात होता, त्याच्या काट्याला पिशवी लटकवली. तीन किलो शंभर. तो म्हणाला, "साहेब, माझा काटा कधी जास्त दाखवत नाही," आणि याच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. बहुतेक त्या २६०० ग्रॅममध्ये खुंट्या, दोऱ्या आणि पिशवी धरलेली नव्हती.

तरी ठेवला, कारण तोपर्यंत मे उजाडला होता आणि माझ्यात अजून सहा महिने शोधायची ताकद नव्हती. हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवून उभा केला. बरं झालं खुंट्यांशिवाय आपला आपण उभा राहणारा घेतला, नाहीतर लादीत खुंट्या कुठे ठोकणार. गडावर कातळ असतो तिथेही तोच प्रश्न येतो. फ्लाय न लावता नुसता जाळीचा भाग ठेवला, पंखा चालू होता, वारा छान खेळत होता. आईने वाकून आत बघितलं, मग चेन लावून आतूनच विचारलं, "यात डास येत नाहीत ना रे?"

त्या रात्री ती तिथेच झोपली. दुसऱ्या रात्रीही. आतल्या खिशांत, म्हणजे जे मी हेडटॉर्चसाठी मुद्दाम बघून घेतले होते, आता डाव्या खिशात चष्मा आणि बाम, उजव्यात जपमाळ आणि रिमोट असतो. गादीखाली फोम टाकून झालाय. सोफा अजून भिंतीलाच आहे.

गेल्या आठवड्यात भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं ठरलं. मी सहज म्हटलं, आई, टेंट काढू का गं शनिवारी? ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या की. तंबू राहू दे."

मी मेव्हण्याला फोन लावला. त्याचा तो जुना, एकाच कापडाचा, अजून आहे म्हणाला.